भोईरदादांची हजेरी

आमच्या वडपे गावातल्या ऑफिसात संगणकातली एखादी सेटिंग बदलायची असेल, तर आधी भोईरदादांकडून धोटा मागून घ्यावा लागतो. धोटा म्हणजे कापडाच्या लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. दादांच्या घरचे लूम कधीच भंगारात गेले, धोटा तेवढा टेबलावर उरला. तो ज्याच्या हातात, त्यानेच बदल करायचा. बाकीच्यांनी, मॅनेजरसाहेबांनीसुद्धा, रांगेत थांबायचे. एकदा दादा तो पिशवीत घालून अकलोलीच्या गरम कुंडात जाऊन बसले, आणि आमच्या अकरा गोडाऊनची गेटं सोमवारी दुपारपर्यंत रविवार समजून बंद राहिली.

दादांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिलाय. कुठल्या गोडाऊनची सेटिंग काय, कुठले काम कोणी करायचे, हे सगळे त्याच्याजवळ. बाकीचे प्रोग्राम त्याला विचारून चालतात. "धा जनांना इचारशील तर धा उत्तरं. एकालाच इचार!" हे दादांचे ब्रीद. लग्नाच्या पंगतीतही मीठ हवे असले की ते वाढप्याला विचारतात, "तुमच्यात मेन कोन हाय?"

प्रत्येक गोडाऊनच्या प्रोग्रामने ठरल्या वेळी 'मी हाय' असा निरोप धाडायचा. तीनदा चुकला की नाव यादीतून कट, काम दुसऱ्याला. दयामाया नाही. फक्त 'आबा' या एका नावाला सूट. ते दिवसातून एकदा तरी गप्प व्हायचे, संगणकाची घंटा वाजायची आणि दादा स्कूटर काढून पसार व्हायचे.

शेवटी मॅनेजर भडकले. "शुक्रवारपर्यंत ते नाव काढा, नाहीतर तुमचा प्रोग्रामच काढतो. विकतचा आणू!"

दादांचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांची मेहनत होती ती. मलाच रडू यायचे बाकी राहिले. तेवढ्यात घंटा वाजली. मी मुकाट्याने स्कूटरवर मागे बसलो.

कशेळीच्या घरी पडवीत दादांचे वडील, म्हणजेच आबा, ठणठणीत बसले होते. घरात दुसरे कोणी नाही. शेजारच्या स्टुलावर एक बटण. तासातासाने ते दाबले की 'मी हाय' ऑफिसात पोचायचे.

"आबा, बटन न्हाय दाबलं?"

"इसरलो."

दादा चहा टाकायला आत गेले. मी शहाण्यासारखा आबांना बटण समजावू लागलो.

"म्हाईत हाय रं," आबा हळूच म्हणाले. "दाबलं तर तो येत न्हाय."

चहा झाला. साखर कमी पडली म्हणून आबांनी दादांना यथेच्छ झापले, दादांनीही ऐकून घेतले.

निघताना मी विचारले, "दादा, मग नाव काढणार?"

"प्रोग्राम काढू दे त्यांना. नाव न्हाय काढत." दादांनी स्कूटरला किक मारली. "आन् आबांना बोलू नको हां. ते इसरत न्हायत, मला पयल्या दिवसापासून म्हाईत हाय."