बाबांना न येणारी भाषा

मुलं व्याकरण कशी शिकतात, हा प्राध्यापकांच्या अभ्यासाचा विषय होता आणि दुर्दैवाने घरात एक मूलही होतं. मुलगी जन्मली तेव्हाच नियम ठरला. आईने घरची भाषा बोलायची, बाबांनी फक्त परदेशी. शिवाय बाबांना घरची भाषा कळतच नाही, असं सोंग वठवायचं. बायकोला ती परदेशी भाषा येत नसे. त्यामुळे दूध संपलं एवढं सांगायलाही प्राध्यापक तिला बाथरूममध्ये बोलावत आणि आधी नळ सोडत.

चौथ्या वर्षी मुलगी दोन्ही भाषा घडाघडा बोलू लागली. प्राध्यापकांना स्वर्ग दोन बोटं उरला. तेवढ्यात त्यांची आई राहायला आली.

आजींना फोनवर सगळं समजावलं होतं, आणि त्या "बरं" म्हणाल्याही होत्या. पण फोनवर बरं म्हणणं वेगळं आणि पोटच्या पोराने दारात परक्या भाषेत स्वागत करणं वेगळं. आजींना त्यातलं ओ की ठो कळेना. मग दुभाष्याचं काम नातीकडे आलं. तिचं व्याकरण निर्दोष होतं, फक्त पाल्हाळ तिला आवडत नसे.

एवढ्या लांबून आलीस, दमली असशील, आधी जरा पड, असं प्राध्यापक त्या भाषेत कळवळून म्हणाले.

"बाबा म्हणतो, झोप."

"आल्या आल्या?" आजी म्हणाल्या. "त्याला विचार, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आणल्यास का?"

दुकान बंद होतं, संध्याकाळी नक्की आणतो, असं प्राध्यापकांनी सविस्तर सांगितलं.

"नाही म्हणतो."

जेवताना त्यांनी फार गोड शब्दांत विचारलं की, परतीची तारीख पुढे ढकलून महिनाभर राहता येईल का. नातीने आधी घास गिळला.

"बाबा विचारतो, तू कधी जाणार?"

आजींनी ताट सारलं, हात धुतले आणि बॅग भरायला घेतली.

"अहो आई, त्यांच्या मनात तसं नसेल," सूनबाई म्हणाल्या.

"तू नको त्याची वकिली करू. त्याच्यापेक्षा तू परवडलीस." हे आजी सुनेच्या तोंडावर म्हणाल्या, म्हणजे प्रकरण चांगलंच हाताबाहेर गेलं होतं.

आजींनी चपला घातल्या. प्राध्यापकांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा आईकडे. इतक्या वर्षांचं संशोधन पाण्यात जाणार हे त्यांना दिसत होतं, पण आई खरंच दाराबाहेर पाऊल टाकत होती.

"आई, नको ना गं जाऊस," ते म्हणाले. "मी राहा म्हणत होतो."

आजींनी बॅग खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. मुलगी मात्र बाबांकडे बघतच राहिली.

"बाबा, तुला आपली भाषा येते?"

"येते."

"सगळी?"

"सगळी."

तिने जरा विचार केला. "मग ती दुसरी मी आता नाही बोलणार."

"अगं, का? इतकी छान शिकलीस ना?"

"घरात तुझ्याशी कुणीच बोलत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून शिकले."