खंडेनवमीस फुटलेल्या दुखण्यांची बखर

श्रीआरोग्यदेवता प्रसन्न. ऐकणाराचे प्रकृतीस आराम असो, सांगणाराचे जिव्हेस लगाम असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमीस या राज्यात जे अघटित घडले आणि त्यातून न्यायाचा जो चमत्कार आम्ही याच डोळां पाहिला, तो यथामती लिहितो.

राजधानीत वैद्यराज त्र्यंबकपंत यांची थोर आरोग्यशाळा. तेथे रयतेची तमाम दुखणी संगणक नामे यंत्रात ठेविली होती. कोणाची मूळव्याध, कोणाची मिरगी, कोणाचे मनाचे आजार, सर्व त्यात, आणि त्यास कुलूप एका परवलीचे शब्दाचे. मग खंडेनवमी आली. शिपाई तलवार पुजितो, सुतार करवत पुजितो, म्हणोन कारकून दाजीबा, गृहस्थ भाविक, त्यांनी यंत्र पुसोन झेंडूची माळ घातली, आणि देवाने कुलूप राखावे म्हणोन तो परवलीचा शब्दच हळदीकुंकवाने यंत्राचे कपाळी लिहिला. मग वैद्यराज हात जोडोन शेजारी उभे राहिले, छबी काढविली, आणि शुभेच्छांसह मोबाईलवरून गावोगाव पाठविली. देव पावला की नाही न कळे, चोर मात्र पावले. परमुलखीचे चोरांनी ती छबी न्याहाळिली, घरबसल्या कुलूप उघडिले, दुखणी लुटिली, खंडणी मागितली, आणि ती न मिळता सर्वांची दुखणी नावानिशी चव्हाट्यावर ओतिली. वैद्यराज आपले लोकांस म्हणाले, "कोणी बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ तर सताड उघडी पडली होती!

त्या लुटीत सगुणाबाई तांबट यांचे नाव होते. बाई मुलींचे वसतिगृहात स्वयंपाक करीत. पूर्वी पोटची लेक वारली तेव्हा बाईंचे मन दुखणाईत जाहले होते, त्यांनी या आरोग्यशाळेत औषध घेतले आणि बऱ्या होऊन पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या. ही गोष्ट आता गावभर जाहली. मग वसतिगृहाच्या व्यवस्थापिका भागीरथीबाई यांनी खाली पाहात सांगितले, "मुलींचे आईबाप कुजबुजतात हो. उद्यापासून येऊ नका."

सगुणाबाई तडक हैबतराव वकिलांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पैका मिळाला तर घेईन, वकीलसाहेब. पण मला माझी चूल पाहिजे."

हैबतराव म्हणाले, "चूल कायद्याच्या हातात नाही, बाई. पण दरवाजे पुष्कळ आहेत. आधी आरोग्यशाळेलाच लेखी विचारू, माझं काय गेलं, आणि मला का नाही कळवलं? ते बधले नाहीत तर लोकांची गुपितं राखणारं मंडळ आहे, ते दंड करतं. चोरांसाठी पोलीस आहेत. आणि इलाज विकत घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक, तेव्हा ग्राहकांचं न्यायालय भरपाई मिळवून देतं. सगळे रोगी मिळून एकच दावाही लावता येतो."

एका स्वयंपाकिणीचे गुपितासाठी राज्याने इतके दरवाजे बांधोन ठेविले आहेत, हे ऐकोन आम्ही थक्क जाहलो. मग पत्र गेले, उत्तर आले नाही, मंडळाकडे आणि पोलिसांत तक्रार गेली, आणि ग्राहकांचे न्यायालयात दावा उभा राहिला. परंतु बाईंसंगे नाव घालावयास एकही रोगी येईना. दाव्यात नाव घालणे म्हणजे आपले दुखणे आपणच कबूल करणे, तेव्हा येणार कोण?

सुनावणीचे दिवशी कचेरी खच्चून भरली. न्यायाधीश सगुणाबाईंस मृदू स्वरे बोलिले, "बाई, दार बंद करून ऐकू का? तुमचं नावही झाकता येईल." राजदंड हाती असोन इतकी माया! आमचे अंगावर काटा आला.

बाई म्हणाल्या, "उघडंच राहू द्या, साहेब. चोरानं सांगितलं तेव्हा मी खाली मान घातली. आता मीच सांगते. लेक गेली, माझं मन आजारी पडलं, मी औषध घेतलं, बरी झाले. यात चोरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण सांगायचं कुणाला, ते माझं मी ठरवणार होते."

मग वैद्यराजांनी आपला साक्षीदार उभा केला, तो कोण? तर भागीरथीबाई! नोकरी गेली ती स्वयंपाक बिघडल्यामुळे, दुखण्यामुळे नव्हे, ऐसे त्यांनी सांगावयाचे ठरले होते. भागीरथीबाई पिंजऱ्यात चढल्या, कठडा धरिला, आणि सगुणाबाईंकडे एकवार पाहिले. म्हणाल्या, "हिच्या हातच्या आमटीला कधी कुणी नाव ठेवलं नाही. त्या लुटीत माझंही नाव होतं, त्याच औषधाचं. सगळे हिच्याकडे बघत राहिले तर माझ्याकडे कुणी बघणार नाही, म्हणून मी हिला काढलं."

मग मागील बाकावरून एक म्हातारा उठला आणि बोलिला, "मिरगी माझी. माझं नाव घाला दाव्यात." मग एक बाई उठली, मग एक पैलवान लाजत उठला आणि म्हणाला, "मूळव्याध आपली," आणि सर्व हसले, आणि हसता हसता निम्मी कचेरी उभी राहिली. लढाईत फौजा उठतात ऐसे ऐकिले होते, परंतु आपले दुखणे हाती घेऊन उठलेली फौज आम्ही प्रथमच पाहिली, आणि डोळां पाणी आले ते लपविले नाही.

तात्पर्य, दावा सर्वांचा जाहला. वैद्यराजांस भरपाई द्यावी लागली, आणि चूक आमचीच ऐसे घरोघर कळवावे लागले. पुढील खंडेनवमीस दाजीबांनी यंत्रास नुसता झेंडू वाहिला आणि छबी काढू दिली नाही. चुलीविषयी निवाड्यात अक्षर नव्हते. ती आज्ञा भागीरथीबाईंनी कचेरीचे पायरीवरच दिली. म्हणाल्या, "सगुणाबाई, मुली उपाशी आहेत. चला." इति.