शिशुवर्गातलं माझं अकरावं वर्ष

“साहेब, मी अजून शिशुवर्गातच आहे का?”

हा प्रश्न बालवाडीच्या पालकसभेत विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. मी नववीत आहे. उंची पाच फूट तीन इंच. तरीही प्रश्न रास्त होता. शिक्षणाचा पाया पक्का असावा असं सगळेच म्हणतात. माझा अकरा वर्षं पक्का होतोय.

झालं असं, की धाकट्या भावाला बालवाडीत सोडायला गेले, तर बाईंनी हातात हजेरीपट दिला. “घे गं जरा हजेरी, माझा घसा बसलाय.” खोलीत मुलं सात, पटावर नावं चारशे बारा. (उरलेल्या चारशे पाच जणांच्या वतीनं बाई रोज स्वतःच ‘हजर’ म्हणतात. घसा बसेल नाही तर काय होईल?) तीनशे एकाव्या क्रमांकावर मी होते.

पालकसभेला आलेल्या, शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा पुसला. “बाळ, तुझ्या पालकांनी नाव कमी करायचा अर्ज केला होता?”

“नाही.”

“मग आहेस.”

अर्ज कुणालाही करता येतो. अट एकच: ओळख पटावी म्हणून बालकानं प्रवेशाच्या वेळच्या फोटोसारखं दिसलं पाहिजे. अडतीस वर्षांत एकही अर्ज मंजूर झालेला नाही, त्यामुळे गळती शून्य टक्के. याबद्दल बालवाडीला एक ढाल मिळाली आहे. ती खिडकीच्या फुटक्या काचेला लावली आहे, अगदी बेताची बसते.

पट असा वाढता पाहून कार्यालयानं बारकाईनं अभ्यास केला. एका वर्षी खेळणी द्यायची राहिली, तरी पट वाढला. म्हणजे खेळण्यांची गरज नव्हती. मग खाऊ बंद केला, पट वाढला. मग मुलांना शू-शीला नेणाऱ्या मावशींना घरी बसवलं, पट वाढलाच. (मुलं मात्र समोरच्या, फाटकावर प्लॅस्टिकचा जिराफ असलेल्या शाळेत गेली. साहेबांचा नातूही तिथेच आहे. त्याला जिराफ आवडतो.)

माझ्या प्रश्नावर टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर साहेब म्हणाले, “शंका आलीच आहे, तर सोमवारी डोकी मोजू. पटाशी जुळली नाहीत, तर बालवाडी बंद.”

पैज मी जिंकले होते. भाऊ बाईंच्या मांडीवर होता. दोन महिने भोकाड पसरल्यावर गेल्याच आठवड्यात त्यानं रडणं थांबवलंय, तेही फक्त त्याच मांडीवर.

मग मी पट पहिल्या पानापासून वाचला. मैत्रिणी सापडल्या, सोमवारच्या बोलावण्याच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवायचं काम त्यांच्याकडेच दिलंय. वाणी सापडला, दातांचे डॉक्टर सापडले. तुम्ही हसताय. पण तुमच्या बालवाडीतून नाव कमी करायचा अर्ज कुणी केला होता? पोच आहे जवळ?

संध्याकाळी घरी आले आणि चपला काढायच्या आत सांगून टाकलं.

“आई, बाबा, माझं ठरलंय. सोमवारी साडेनऊला आपण बालवाडीत जायचं. आई, तू क्रमांक तीन, बाबा नऊ. छोट्या खुर्च्या सातच आहेत, तेव्हा आपण खाली बसू. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, आपलं आपण. आणि बाबा, तुमच्या नावापुढे बाईंनी ‘चावतो’ असा शेरा लिहिलाय. साहेबांचं मोजून होईपर्यंत तेवढं आवरा.”