अधिक महिन्यातला कार्बोरेटर

सगळं सुरू झालं ते आमटीवरून. शहादेव पाटोद्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. त्यानं डब्याची पिशवी नेहमीसारखी शेजारच्या सीटवर ठेवली, स्टँडजवळच्या वळणावर एक म्हैस आडवी आली, आणि रूपालीनं केलेली शेंगदाण्याची आमटी सीटभर झाली. बायकोला न विचारता घेतलेले शहादेवचे निर्णय तसे थोडेच, पण त्या दिवशी त्यात एकाची भर पडली. पिशवी इथून पुढं लटकवायची. स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डखाली एक काळी मूठ होती, ओढली की बाहेर यायची. पिशवीचे बंद तिच्यात असे चपखल बसले, की गाडी बनवणाऱ्यानं कारकुनाचा डबा डोळ्यांपुढं ठेवूनच ती केली असणार याबद्दल त्याला शंका उरली नाही. (शंका नसणं हा शहादेवचा जुनाच आजार.)

गाडी मूळची सासऱ्यांची. रामकिसनमामा माजलगावचे, उसाचे बागायतदार. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि ती पांढरी, लहानशी, कार्बोरेटरवाली गाडी थोरल्या लेकीच्या दारात आणून लावली. रूपाली याच गाडीतून कॉलेजला गेलेली, याच गाडीतून सासरी आलेली, आणि आरोहीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातही याच गाडीतून पोचलेली. किल्ली देताना मामांनी जावयाची चांगली शिकवणी घेतली होती. काय कधी ओढायचं, काय कधी लोटायचं, सगळं. शहादेवनं शेवटपर्यंत मान डोलावली होती. कारकुनाची मान कानांवर अवलंबून नसते.

तर पिशवी लटकायला लागली आणि गाडीचं बिनसलं. आधी ती पेट्रोल जास्त मागायला लागली. मग मागून काळा धूर सोडायला लागली. स्टँडवरच्या चहावाल्यानं तर हात जोडून सांगितलं, "सायेब, गिऱ्हाइकाचा चहा पिऊन होईस्तोर गाडी चालू करू नका. दुधावर काजळी बसायलीय."

कचेरीत शेजारच्या टेबलावर हनुमान बसायचा. त्याच्याकडं नवी गाडी होती आणि तिच्याबद्दल बोलायला भरपूर वेळ होता.

"कार्बोरेटर हाय ना बे तुजा?" हनुमाननं विचारलं.

"हाय."

"मग धूर निघंल न्हाई तर काय अत्तर निघंल? आरं, कार्बोरेटर म्हंजे लग्नातला वाढपी. डाव भरला की वतला पत्रावळीवर, खाणाऱ्याचं पोट भरलंय का कोण बघतंय? आन् फ्युएल इंजेक्शन म्हंजे घरची बाई. कोणाला किती लागतंय ते बघून वाढती. आत कॉम्प्युटर असतोय."

"घरच्या बाईत?"

"गाडीत बे."

शहादेवला पटलं. (हनुमानचं त्याला नेहमीच पटायचं, आणि निस्तरायला रूपाली असायची.) हनुमानच्या ओळखीचा अभिमन्यू बीडमध्ये जुन्या गाड्यांची अदलाबदल करायचा. फोनवर बोलणं झालं. जुनी आणून द्यायची, इंजेक्शनवाली घेऊन जायची.

संध्याकाळी त्यानं रूपालीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आबांनी इतकी वर्सं चालवली. तवा न्हाई कधी धूर आला," ती म्हणाली.

"आता जमाना बदलला गं. मोजून पेट्रोल, एका किल्लीत चालू."

"मला कशाला सांगायलात? आबांना सांगा तुमच्या तोंडानं. धोंड्याला जायचंच हाय."

त्यानंतर रूपाली त्याच्याशी फक्त आरोहीमार्फत बोलायला लागली.

आता हे धोंड्याचं प्रकरण असं, की अधिक महिना लागला म्हणजे लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, त्याला ओवाळायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला उणं बोलायचं नाही, मग त्यानं पुरणावर लोणचं घेतलं तरी. अशा दिवशी सासऱ्याची लाडकी गाडी विकतोय हे सांगावं, म्हणजे नारायणाला शिव्या पडणार नाहीत, असा शहादेवचा हिशेब होता. येताना बीडला गाडी अभिमन्यूच्या दारात लावायची. ठरलं. अडचण एकच होती. मामांनी आयुष्यात फार कमी गोष्टींवर जीव लावला होता, आणि त्यातल्या दोन शहादेवकडं दिल्या होत्या. एक त्याच्याशी बोलत नव्हती, दुसरी धूर सोडत होती.

तिघं निघाले. आरोही मागं पेंगत होती. सासूबाईंची साडी आणि मामांचं धोतर भरलेली जड पिशवी अर्थातच काळ्या मुठीला लटकवलेली. मांजरसुंब्याच्या घाटात एक टेम्पोवाला शेजारी आला आणि काच खाली करून म्हणाला, "पाव्हणं, गाडी पेटलीय का वो?"

"कार्बोरेटर हाय," शहादेव म्हणाला, घरातला दुखणाईत माणूस दाखवावा तसा.

माजलगावला दारात गाडी थांबली तेव्हा धुरानं अंगणात दिवेलागणीसारखं झालं. तुळजाबाई, म्हणजे सासूबाई, आरतीचं ताट घेऊन खोकत उभ्या राहिल्या. मामा मात्र गाडीजवळ गेले. त्यांनी आधी धुराकडं पाहिलं, मग खिडकीतून आत पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात तुळजाबाईंनी ताट हलवलं.

"अवो. आज नारायण हायेत ते."

मामांनी तोंड मिटलं.

पाय धुऊन झाले, ओवाळून झालं, पानं वाढली. मामा जावयाकडं बघायचे, तोंड उघडायचे, तुळजाबाई डोळे वटारायच्या, मामा धोंड्याचा घास घ्यायचे. शहादेवला वाटलं, यांना कुठून तरी कळलंय. मग एकदाचं बोलून टाकलेलं बरं.

"मामा, गाडीचं म्हणत होतो. कार्बोरेटरचं काय खरं न्हाई आता. बीडला एक इंजेक्शनची बघितलीय. येताना बदलून नेतो."

मामांच्या हातातला धोंडा तुपाच्या वाटीत पडला. त्यांच्या कपाळावरची शीर अशी ताठ झाली की शहादेवनं नकळत पाट मागं सरकवला.

"कार्बोरेटरचं काय खरं न्हाई?" मामा म्हणाले.

"अवो, नारायण," तुळजाबाई म्हणाल्या.

"नारायण," मामा दात आवळून म्हणाले, "आनखी एक धोंडा घ्या."

रूपाली उठून आत गेली. तिचे डोळे भरले होते, आणि ते बघून शहादेवनं हातातला धोंडा पानात ठेवला. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि किती दिवसांनी सरळ त्याच्याशी बोलली, "आईची साडी गाडीतच राह्यली. तुमीच आणा. आन् पिशवी जरा बघून काढा."

शहादेव गाडीत जाऊन बसला. आत जायचा धीर होईना, म्हणून बसूनच राहिला. मग त्यानं पिशवी बघून काढली. मुठीपासून. आणि मूठ तशीच बाहेर राहिली, वीतभर जीभ काढल्यासारखी. शहादेव तिच्याकडं बघत राहिला. आणि कानांना सोडून मानेत साठलेली ती शिकवणी आत्ता कुठं वर आली. 'जावईबापू, ह्यो चोक. सकाळी इंजिन गार असलं की ओढायचा, म्हंजे पेट्रोल जास्त येतंय. गाडी गरम झाली की आत लोटायचा. इसरायचं न्हाई.'

ज्या दिवशी आमटी सांडली, त्या दिवसापासून चोक आत गेलाच नव्हता. वाढपी बिचारा कधीचा थांबायला बघत होता, पण शहादेवच त्याच्या हाताला डबा बांधून 'वाढ, वाढ' म्हणत होता.

त्यानं मूठ आत लोटली. गाडी चालू केली. थोडं खाकरून ती शांत झाली आणि ताक घुसळल्यासारखी चालायला लागली. धूर विरत गेला आणि मागचा गोठा दिसायला लागला. शहादेवला इतकं हलकं वाटलं की त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इकडंतिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. लगेच अभिमन्यूला फोन लावून अदलाबदल रद्द केली आणि साडी घेऊन तो आत गेला.

"मामा," तो दारातच म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच भारदस्त वाटला, "लई इचार केला. मशीन बदलता येतं, माया बदलता येत न्हाई. गाडी कुठं जात न्हाई."

मामा खाली बघून खाकरले. तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. (गहिवरल्या, शहादेवनं मनात नोंद केली.) रूपालीनं न विचारता त्याच्या पानात धोंडा वाढला आणि वर तुपाची धार सोडली. इतका गोड धोंडा त्यानं आयुष्यात खाल्ला नव्हता.

परतताना गाडी घाट गुणगुणत चढली. घरी पोचल्यावर त्यानं सासऱ्यांनी दिलेलं वाणाचं ताट उघडलं. वर टॉवेल-टोपी, त्याखाली पितळी दिवा, आणि दिव्याखाली कागदात बांधलेला एक पितळी हुक, दोन स्क्रूंसकट.

"हे काय?" शहादेवनं विचारलं.

"पिशवी अडकवायला," रूपाली म्हणाली. "आबांनी दारातच बघितलतं. पण नारायणाला बोलता येतंय व्हय? मी आत गेले तवा आईनं सांगितलं. म्हणून तर तुमाला साडी आणायला धाडलं."

"मंजी मी मायेचं बोललो तवा सगळ्यांना..."

"छान बोललात," रूपाली म्हणाली. "आईला हसू आवरंना."

शहादेवला वाईट वाटायला हवं होतं, पण रूपाली बोलत होती, गाडी दारात होती, तेव्हा त्याला बरंच वाटलं. हुक त्यानं स्वतःच्या हातानं बसवला. थोडा वाकडा बसला, पण बसला. प्रकरण मिटलं असं धरून तो चालला.

अधिक संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी, शहादेव दाढीचा साबण लावत असताना, मामांचा फोन आला.

"जावईबापू, अधिक काल संपला न्हवं?"

"हो मामा."

"पक्कं?"

"हो, कालच."

पलीकडं मामांनी एक लांब श्वास घेतला. साबण गालावर वाळला, तरी शहादेव फोन कानाला लावून मान डोलावत उभा होता. रूपालीनं कचेरीचा डबा भरून पिशवी हुकाला लावली, परत आली आणि त्याच्या दुसऱ्या कानाशी म्हणाली, "आरोहीला शाळेत मीच सोडून येते. आबा अजून चोकवरच हायेत, क्लच राह्यलाय."