देवाजींची उसनी छाती

देवाजींचे पाय संध्याकाळी सुजू लागले होते आणि सक्करदऱ्याच्या घराचा जिना चढताना त्यांना मध्येच दम खावा लागे. डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून आणायला सांगितले. इको बिघडलेला निघाला तर मीठ आणि झणझणीत रश्शाचे तर्रीपोहे दोन्ही बंद, असे पत्नी सिंधूताईंनी डॉक्टरांच्या आधीच जाहीर करून टाकले. पोस्टातल्या सबंध नोकरीत कधी केली नव्हती अशी लबाडी तेव्हा देवाजींना सुचली.

धंतोलीत इको करणाऱ्या डॉक्टर वेदिका यांनी देवाजींना कधी पाहिलेले नव्हते. आणि शेजारचे गिरिधर तर रोज पहाटे तलावावर फिरायला जात.

"तुही छाती पाहिजे गा, थोडा वेळ," देवाजी म्हणाले.

"वापस भेटन ना?" गिरिधरांनी विचारले.

देवाजींच्या नावाचा पुकारा होताच गिरिधर आत गेले आणि खरे देवाजी नातेवाईक म्हणून त्यांच्या मागोमाग. सदरा उतरवून गिरिधर डाव्या कुशीवर झाले. वेदिकांनी गार जेल लावून यंत्राची मूठ फासळ्यांवर टेकवली. पडद्यावर काहीतरी करडे फडफडू लागले. वेदिका मूठ फिरवून पुन्हा पुन्हा त्याच जागी आणू लागल्या.

"दम लागतो का, देवाजी?"

"बिलकूल नाही," गिरिधरांनी पढवलेले उत्तर दिले.

"हृदय कमजोर झालंय. प्रत्येक ठोक्याला पुढे जायला हवं तेवढं रक्त जात नाही. पण वेळेवर कळलं, औषधांनी बराच फरक पडेल."

देवाजी मटकन स्टुलावर बसले. गिरिधर जेलने माखलेल्या छातीनिशी उठले आणि त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नको गा. आमी आहो ना. वहिनीले मी समजावतो."

"पोहे गेले गा माहे."

"मी बी सोडतो. तुह्या सोबतीनं."

वेदिका दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. "पेशंट नक्की कोण आहे?"

"हा," दोघेही एकदम म्हणाले आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

देवाजींचे बोट त्या चकाकणाऱ्या छातीसमोर अधांतरी राहिले.

"गिरिधर," ते हळूच म्हणाले, "छाती तर तुही होती गा."

गिरिधरांनी खाली, स्वतःकडे पाहिले. "तरीच," ते सावकाश म्हणाले, "आताशा सपाट निजलं का दम कोंडते, तीन-तीन उश्या लागून राहिल्या मले. मले वाटे, कापूस दबला."

मित्राची औषधे भलत्याच्या नावाने सुरू होऊन चालणार नव्हती. देवाजींनी सारे कबूल केले. वेदिकांनी दोघांना यथास्थित झापले, गिरिधरांना त्यांच्याच नावाने उपचार सुरू करून दिले आणि देवाजींना त्याच पलंगावर आडवे केले. त्यांचे हृदय उत्तम निघाले. सूज बहुधा रक्तदाबाच्या गोळीची आणि दम वाढलेल्या पोटाचा, असे वेदिकांचे मत पडले.

देवाजींनी घराचा जिना न थांबता चढण्याचा प्रयत्न केला आणि धापा टाकतच स्वयंपाकघर गाठले.

"हृदय एकदम फर्स्ट क्लास आहे."

सिंधूताई पोळ्या लाटत होत्या. गिरिधरांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंचा सगळी हकिकत सांगणारा फोन नुकताच येऊन गेला होता.

"कोनाचं?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"माहं वं. माह्या सोताच्या छातीतलं."

"असं म्हनता?" सिंधूताईंनी पोळी तव्यावर टाकली. "उद्या मी सोबत येईन. माह्यासमोर सदरा काढजा. तवापर्यंत मीठ बंद."