सगळ्यात सुंदर सूर्यास्त कुठे आहे?

कोउत्नाबाईंनी दार उघडलं, पाठीवर बोजे घेतलेल्या तिघांकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की खोली आहे, पण पुढच्या महिन्यात.

बोगुश हसला. चेक लोक गंभीर चेहऱ्याने विनोद करतात, हे त्याचं व्रोत्सवाफपासून गाडीत मित्रांना तीनदा सांगून झालं होतं. हा पोरगा क्वोद्स्कोचा, पोलंडच्या अगदी कडेचा. लहानपणी घरच्या टीव्हीवर सीमेपलीकडची कार्टून दिसायची, तेवढ्या भांडवलावर "मला चेक येते" असं त्याने विद्यापीठभर करून ठेवलं होतं. त्याच्या खोलीत राहणारा तीमोन म्हणाला होता, की बाबा रे, फोनवर बोलण्यापेक्षा अ‍ॅपवरून भाषांतर करून दोन ओळी लिहून पाठव. त्यात साहेबांना अपमान वाटला. आता पोलिश माणसाला चेक आपोआप येते, असं समस्त पोलिश माणसांना वाटतं. चेक माणसांना हे कधी कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

बाईंनी आतून कॅलेंडर आणलं. बारा तारखेला पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला 'बोगुश, तीन माणसं' असं लिहिलं होतं. फक्त पान मे महिन्याचं होतं. पोलिशमध्ये 'क्वेचेन' म्हणजे एप्रिल. चेकमध्ये 'क्वेतेन' म्हणजे मे. बोगुशने फोनवर पहिलं म्हटलं, बाईंनी दुसरं ऐकलं, आणि दोघांनीही एकमेकांना "छान, छान" म्हणून फोन ठेवला होता.

"तुला चेक येते ना रे?" तीमोनने विचारलं.

"येते. महिने तेवढे राहिलेत."

तिसरी होती कालिना, आणि खरं तर ही सगळी सहल तिच्यासाठीच होती. सोमवारी ती सहा महिन्यांसाठी लिस्बनला कामाला जाणार होती. बोगुश दोन वर्षं तिच्या शेजारी बसून इतिहासाची टिपणं काढत होता आणि जे सांगायचं ते सोडून सगळं तिला सांगत होता. शेवटी तीमोननेच त्याला धरून बसवलं आणि बजावलं, की सीमेपलीकडे ओलोमोउत्सला चल, शनिवारी सूर्य मावळताना तिला काय ते सांगून टाक, नाहीतर मी सांगेन. शनिवार आजचाच होता.

पण आधी डोक्यावर छप्पर हवं होतं. बाईंना पोरांची दया आली. त्या म्हणाल्या, आज घर भरलेलं आहे, पण माझा 'स्क्लेप' रिकामा आहे, तिथे तीन गाद्या टाकून देते. बोगुशचा चेहरा फुलला. त्याने मित्रांना अभिमानाने भाषांतर करून दिलं, "बाईंचं दुकान आहे. दुकानात झोपायचं. सकाळी पाव शोधत फिरायला नको."

पोलिशमध्ये स्क्लेप म्हणजे दुकान, हे खरंच आहे. चेकमध्ये स्क्लेप म्हणजे तळघर. दगडी जिना उतरून तिघं खाली गेले तेव्हा तिथे विकायला काहीच नव्हतं. फळ्यांवर मात्र ओलोमोउत्सचं ते नावाजलेलं चीज मुरायला ठेवलेलं होतं. या चिजाला चव फार उत्तम असते, पण ती घ्यायला नाक घरी ठेवून यावं लागतं. तीमोनने नाक दाबून विचारलं की इथे कोण मेलंय. कालिना म्हणाली, की असू दे, गाद्या तरी मऊ आहेत. बिचारे प्रवासाने इतके दमले होते की सामान ठेवून जे आडवे झाले, ते थेट संध्याकाळी साडेसहाला उठले.

तोवर चीज आपलं काम करून मोकळं झालं होतं. कपडे, केस, मोजे, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. अडचण अशी की त्यांना स्वतःला आता काही वास येत नव्हता. बोगुशने इस्त्रीचा शर्ट घातला, तोही पिशवीतून तोच सुगंध घेऊन निघाला. ठरल्याप्रमाणे तीमोन "मला भूक लागलीय" म्हणून सटकला आणि बोगुश कालिनाला घेऊन मोठ्या चौकात आला. ट्राममध्ये त्यांच्या आजूबाजूच्या चार जागा रिकाम्या राहिल्या. ओलोमोउत्सची माणसं पाहुण्यांना किती मान देतात, असं बोगुश म्हणाला.

सूर्य मावळायला वीस मिनिटं होती आणि चौकातून सूर्य दिसत नव्हता. चारही बाजूंना उंच घरं. कारंज्याजवळ एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. बोगुश तिकडे धावला. सूर्यास्ताला पोलिशमध्ये नुसतं 'झाखूत' म्हटलं तरी चालतं, तेव्हा त्याने आपल्या मते अस्सल चेक हेल काढून विचारलं, "आजोबा, या गावात सगळ्यात सुंदर झाखोत कुठे आहे?"

आता चेकमध्ये झाखोत म्हणजे संडास.

आजोबांनी प्रश्न मनात घोळवला. तेवढ्यात वारा फिरला, त्यांच्या नाकाशी काहीतरी आलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला. कुत्रंसुद्धा दोन पावलं मागे सरकलं.

"तातडीचं आहे का, बाळा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"फार तातडीचं. वीस मिनिटांत पोचलो नाही, तर सगळं संपलं."

"आणि मुलीलाही?"

"तिच्यासाठीच तर चाललंय. दोघांनी मिळून बघायचंय."

आजोबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पण माणूस भला. त्यांनी बोगुशचा दंड धरला आणि म्हातारपण विसरून चालायला लागले. वाटेत भेटेल त्याला ते "आजारी आहेत, बाजूला व्हा" म्हणून सांगत होते. त्यांच्या पुतणीचं कोपऱ्यावर तिसऱ्या मजल्यावर कॅफे होतं. आजोबांनी आत शिरताच मोठ्याने परिस्थिती सांगितली. लोकांनी खुर्च्या सरकवून वाट दिली. एका बाईंनी कालिनाच्या हातात कागदी रुमालांचं आख्खं पाकीट कोंबलं. पुतणीने लाकडी डावाला बांधलेली किल्ली बोगुशला दिली आणि त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"बघितलंस?" बोगुश कालिनाला म्हणाला. "गच्चीची किल्ली."

त्याने दार उघडलं. मागून कुणीतरी दोघांना आत लोटलं आणि दार ओढून घेतलं.

पांढऱ्या फरशा होत्या, पितळी नळ होता, कुंडीत फूल होतं. आजोबांनी शब्द पाळला होता, संडास खरोखर सुंदर होता. बोगुश झाकणावर मटकन बसला. दोन वर्षं, एक इस्त्रीचा शर्ट आणि शेवटचा शनिवार, सगळं इथे येऊन संपलं, असं त्याला वाटलं आणि रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. कालिना मात्र भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. हसता हसता श्वास कोंडला म्हणून तिने खिडकी उघडली आणि बाहेर बघतच राहिली. खिडकी पश्चिमेला होती. खाली सगळ्या गावाची छपरं, पलीकडे झाडी, आणि छपरांवर सूर्य अगदी टेकलेला.

आता नाही तर कधीच नाही. बोगुशने झाकणावरून न उठताच सांगून टाकलं. साध्या पोलिशमध्ये, एकही शब्द न चुकता.

दारावर टकटक झाली. "बाळा, झालं का रे?" आजोबांनी विचारलं. "पोट थांबवायला कोळशाच्या गोळ्या आणल्यात."

"माझं झालं," बोगुश आतून म्हणाला. "हिचं बाकी आहे."

कालिना सूर्य पूर्ण बुडेपर्यंत खिडकीत उभी राहिली. मग म्हणाली, "उत्तर क्वेतेनमध्ये देईन."

बोगुशचं तोंड उतरलं. मे महिन्यात ती लिस्बनला असणार होती. मग एकदम त्याच्या डोक्यात काहीतरी लखलखलं. "थांब. त्यांच्या की आपल्या?"

"दोन्ही," कालिना म्हणाली आणि त्याचा हात धरला. "हे आपलं झालं. आणि कोउत्नाबाईंना सांग, बाराची खोली राहू दे. मी विमानाने येईन."

बोगुशने आनंदाने अशी काही आरोळी ठोकली, की आजोबा दारापासून दचकून मागे झाले. मग त्यांनी वळून सगळ्या कॅफेला दिलासा दिला.

"सुटले बिचारे."