लाट्याचं लायसन

आमचे शेजारी गजाभाऊ खुर्चीत बसूनही ब्रेक मारतात. बोर्ली पंचतनात त्यांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आता स्कूल बंद, पाय चालू. टीव्हीवर मालिकेतली सून जिन्यावरून धावत आली की यांचा उजवा पाय फरशीवर दाणकन आपटतो. "आधी ब्रेक, मग गाडी," हे त्यांनी माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर देताना नवऱ्या मुलाच्या कानातही सांगितलं होतं. तो बिचारा अजून विचार करतोय.

अशा माणसाच्या घरी त्यांची मुलगी प्राची चिंचिला ठेवून गेली. कंपनीने तिला कॅनडाला पाठवलं आणि तिचा पुण्यातला पिंजरा बोर्लीला आला. चिंचिला म्हणजे सशाचं अंग, उंदराचे कान आणि खारीची शेपटी. देवाने उरल्यासुरल्या सामानातून उरकलेलं काम. त्यात हे अजून पिल्लूच. प्राचीने हौसेने त्या फेसाळ कॉफीवरून नाव ठेवलं होतं लाटे. गजाभाऊंनी पहिल्याच दिवशी त्याचा लाट्या केला.

"वैनी, याला उकाडा सोसत न्हाय म्हणं," ते मला म्हणाले, आणि आठवड्याच्या आत घरात एसी बसला. त्यांची बायको सुमनताई हयात असताना उन्हाळ्यात मानेवर ओला पंचा टाकून भाकऱ्या थापायच्या, आणि हे 'एसी म्हणजे नुसती चैन' म्हणायचे. सुमनताई असत्या तर त्यांनी आधी एसी बाहेर काढला असता, मग यांना.

पिंजऱ्यात पळायला तारांचं चाक होतं. लाट्या त्यावर चढला, चाक फिरलं, आणि त्याचा मागचा पाय दोन तारांच्या मधे गेला. "ब्रेऽऽक!" गजाभाऊ ओरडले. सवयीने त्यांनी आधी आपला पाय आपटला, मग हाताने चाक धरलं. लाट्याला खरचटलंसुद्धा नाही, पण गजाभाऊंनी चष्मा लावून त्याची चारही पावलं तपासली. चाक त्याच दिवशी भंगारात गेलं.

प्राची फोनवर चिडली. "बाबा, त्याला व्यायाम लागतो!"

"व्यायाम लागतो, तसे पाय पण लागतात. लायसनचं वय तरी हाय का त्याचं? हाडं कोवळी हायत. मोठा होऊ दे."

तोवर लाट्याला फक्त लाकडी फळ्यांवर उड्या मारायची परवानगी होती. ते त्याचं लर्निंग. इकडे गजाभाऊंनी वेल्डरकडून नवीन चाक करून घेतलं. पळताना पाठ वाकू नये म्हणून चांगलं मोठं, तळ सलग पत्र्याचा, मागची बाजू बंद, कुठे फट म्हणून नाही. काम झालं म्हटल्यावर त्यांनी खिशातून जुना नायलॉनचा मोजा काढला आणि चाकाच्या काठावरून फिरवला. एक धागा अडकला.

"फेल," गजाभाऊ म्हणाले.

वेल्डरने पुन्हा घासलं. पुन्हा मोजा, पुन्हा फेल. शेवटी तो वैतागला, "काका, हे उंदरासाठी हाय का इमानासाठी?"

लाट्या मोठा झाला, जनावरांच्या डॉक्टरांनी होकार दिला, मग चाक पिंजऱ्यात बसलं. तेही थोडा वेळ, आणि समोर गजाभाऊ. लाट्या चाकात जाऊन नुसता मिशा पुसत बसला. "ट्रॅफिक बघतोय," भाऊ म्हणाले. मग एकदम पळत सुटला, आणि बाहेर भाऊंचा पाय फरशीवर नाचायला लागला.

परवा संध्याकाळी मी वालाची उसळ द्यायला गेले, तेव्हा भाऊ एसीत स्वेटर घालून पिंजऱ्यापुढे बसले होते. हातात व्हिडिओ कॉल. प्राचीला लाट्या पळताना बघायचा होता, आणि लाट्या गाढ झोपला होता.

"उठंल आता," भाऊ तिला सांगत होते.

वाट बघता बघता प्राची बोलत होती. तिकडचा बर्फ, खोलीची न लागणारी खिडकी, काही केल्या मोकळा न होणारा भात, आईची आठवण. भाऊ नुसते "हं, हं" करत होते.

"पिंजऱ्यावर टिचकी मारा की, उठेल," मी म्हटलं.

भाऊंनी फोन छातीशी दाबून धरला आणि हळूच म्हणाले, "नको, वैनी. एरवी 'जेवलात का' विचारते आणि ठेवते. हा झोपलाय तोवर बोलते तरी."